चार स्ट्रोकची कुईंकुईं

१९८७चा फेब्रुवारी. तुम्ही जिंतूरहून परभणीला निघालाय. हिंगोली अजून याच जिल्ह्यात आहे, वेगळी व्हायला १९९९ उजाडायचंय. दोन्ही अंगांना काळ्या रानात रब्बी ज्वारी, मधूनच काटेरी करडईचे पट्टे. बोरी मागे पडते आणि तो आवाज पुन्हा सुरू होतो. कुईं, कुईं, कुईं.

राजदूतवर असता तर तुम्हाला पत्ताही लागला नसता. १७५ सीसीचं ते टू-स्ट्रोक धूड असं फटफटतं की मागे बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं. तुमच्याकडे आहे दोन वर्षांपूर्वी बाजारात आलेली हिरो होंडा सीडी १००. पेट्रोलात तेल मिसळायची कटकट गेली, आवाज गेला, आणि त्याखाली दबलेली सगळी किरकिर उघडी पडली.

झरीच्या अलीकडे उतार लागतो. तुम्ही इंजिन बंद करून गाडी तशीच सोडता. कुईंकुईं चालूच! म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. पुढचा ब्रेक हलकेच दाबता, फरक नाही. लायनर घासत असते तर सूर बदलला असता. थांबून हँडलवर जोर देता, सीटवर दणकन बसता. शॉकअप गप्प, मागचे बुशही गप्प. एवढं मात्र नक्की, की वेग वाढला की कुईंकुईंची घाई वाढते.

परभणीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरलाय, रस्त्यांवर ही गर्दी. वाट काढत तुम्ही मिस्त्रीपाशी पोचता आणि सगळी हकिकत सांगायला लागता.

"काटा थरथरतो का भाऊ?" तो मधेच विचारतो.

थरथरतो. चाळीसच्या आसपास स्पीडोमीटरचा काटा नाचतो, पण आवाज शोधताना तिकडे बघितलंय कोणी? मिस्त्री गाडी डबल स्टँडवर घेतो, पुढचं चाक उचलून हाताने फिरवतो. कुईं. मग चाकापाशी केबल सोडवतो, पुन्हा चाक फिरवतो. काही नाही.

नळीतून ओढून काढलेली तार कोरडी ठाक, जागोजागी तांबूस. उन्हाळ्याआधीच आतलं ग्रीस वाळलंय, वर रस्त्याची धूळ. तो तार रॉकेलच्या फडक्याने पुसतो, बोटाने पातळ ग्रीस लावतो, पण वरची चार बोटं कोरडीच ठेवतो. तुम्ही ती जागा दाखवता.

"तिथं नाही लावायचं. तार फिरते तसं ग्रीस वर चढतं, मीटरात शिरलं की काटाच चिकटतो."

केबल बसते, चाक फिरतं, काटा फिरतो, आवाज नाही. तुम्ही पैसे काढता, तोवर त्याने मागचं चाक फिरवून पाहिलंय.

"चेनकव्हर घासतंय बघा. आता ते ऐकू येईल तुम्हाला. आत्ताच करून घेता का?"