सक्तीचे अद्यतन व दुरुस्ती

संवेष्टित स्वरूपात वितरित होणाऱ्या आज्ञावलीची जुनी आवृत्ती चालू देण्याचे नाकारून वापरणाऱ्यास नवी आवृत्ती घेणे भाग पाडणे, हे सक्तीचे अद्यतन. आणि आहे त्याच आवृत्तीचे गहाळ वा विकृत झालेले घटक मूळ संवेष्टनातून पूर्ववत करणे, ही दुरुस्ती. कचेरीतील संगणकांवर या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी स्थिरावल्या आहेत. १९९९ मध्ये आलेल्या विंडोज इन्स्टॉलरच्या एमएसआय संवेष्टनात एखाद्या घटकाची मुख्य फाइल जागेवर नसल्याचे आढळताच दुरुस्ती आपोआप सुरू होऊ शकते. पुढील एमएसआयएक्स पद्धतीत नवी आवृत्ती घेतल्यावाचून आज्ञावली उघडूच न देण्याची, तसेच सदोष ठरलेली आवृत्ती हटवून तिच्या जागी आधीची बसविण्याचीही तजवीज आहे.

खानदेशात सक्तीच्या अद्यतनाचा प्रश्न शेतकऱ्याच्या मोबाइलवर अधिक तीव्रतेने उपस्थित झाला. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून लागू केलेल्या ई-पीक पाहणीमुळे, पूर्वी तलाठ्याच्या दप्तरी होणारी गाव नमुना बारामधील पीकनोंद खातेदाराने शेतात उभे राहून, पिकाच्या छायाचित्रासह, मोबाइल ॲपवर स्वतः करावयाची झाली. १ ऑगस्ट २०२२ पासून ॲपची दुसरी आवृत्ती अंमलात आली आणि पुढे केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेले नवे ॲप आले. रावेर-यावलची केळी असो वा शिंदखेड्याचा कापूस, नोंदीस हंगामाची मुदत असते, आणि मुदतीच्या ऐन अखेरीस, सातपुड्याच्या पायथ्याशी जेथे रेंज क्षीण, तेथे ‘आधी अपडेट करा’ असा पडदा समोर यावा, ही तांत्रिक शिस्त नसून नियोजनातील कसूर म्हणावी लागेल. सुरक्षेचा दोष किंवा चुकीची नोंद होण्याची भीती नसेल, तर चालू हंगामाची मुदत संपेपर्यंत सर्व्हरने जुन्या आवृत्तीच्या नोंदीही रुजू करून घ्याव्यात.

याहून मोठा धोका दुरुस्तीत आहे. अँड्रॉइडवर त्याच स्वाक्षरीची नवी आवृत्ती जुनीवर चढविल्यास ॲपचा अंतर्गत साठा शाबूत राहतो. ‘काढून परत टाक’ हा गावोगाव सांगितला जाणारा इलाज मात्र, रेंजअभावी फोनमध्येच पडून राहिलेली, अद्याप अपलोड न झालेली माहिती सहसा ॲपबरोबरच पुसून टाकतो. म्हणून अपलोड आधी, अपडेट नंतर, हा क्रम ॲपनेच पाळावयास हवा. तो ज्याच्या हाती चिखल आणि खिशात एकच फोन, त्याच्या स्मरणावर सोपवू नये. विंडोजच्या सेटिंग्जमध्येही हाच भेद आहे: ‘रिपेअर’ने माहिती राहते, ‘रीसेट’ने जाते. सदोष आवृत्ती एकदा वितरित झालीच, तर अँड्रॉइडवर सामान्यतः जुनी तिच्यावर बसत नाही. वाढीव क्रमांकाची दुरुस्त आवृत्ती काढणे, एवढाच मार्ग उरतो.