नाशिकच्या रस्त्यावरचा जलसा

रस्त्यावरची कला म्हटली की हल्ली भिंतींवर रंगवलेली चित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. नाशिकच्या ज्या कलेविषयी आज मी बोलणार आहे, तिला भिंतही लागत नव्हती. डफ, तुणतुणे, ढोलकी, चार खणखणीत गळे आणि गॅसबत्तीचा उजेड एवढे असले की झाले. तिकीट नाही, पडदा नाही. ऐकणाऱ्याला लिहिता-वाचता यायलाच हवे, अशी अटही नाही. म्हणून तर ज्यांच्या हाती छापखाने नव्हते, त्यांनी आपले म्हणणे हिच्या तोंडून सांगितले.

नाशिकच्या रस्त्याला गाण्याची सवय जुनीच. लोकमान्यांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले आणि त्याबरोबर मेळे आले. सावरकर बंधूंच्या मित्रमेळ्यासाठी गोविंद त्र्यंबक दरेकर पदे आणि पोवाडे रचून देत. हेच कवी गोविंद. पायांनी अधू असलेला हा माणूस आधी लावण्या करी. पुढे त्याची लेखणी देशाकडे वळली. वरवर पोवाडा शिवाजीमहाराजांचा, पण रोख कोणावर आहे हे ऐकणाऱ्याला बरोबर कळे. सरकारलाही कळले! गोविंदांच्या कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप काळ्यापाण्याची शिक्षा झाली. कवितांपायी काळे पाणी! रस्त्यावरच्या गाण्याचे वजन किती, याचा हा सरकारी दाखलाच म्हणायचा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. मेळा निघे तो देवाच्या उत्सवात. देव त्याचाच होता आणि रस्ताही त्याचाच. ज्यांना देवळाची पायरी बंद, त्यांनी काय करावे?

२ मार्च १९३० रोजी नाशिकला या प्रश्नाला तोंड फुटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मैलभर लांबीची मिरवणूक काळाराम मंदिराकडे गेली. दरवाजे बंद होते. मग दरवाजांपुढे सत्याग्रह सुरू झाला. त्याची सारी जुळवाजुळव भाऊराव, म्हणजे दादासाहेब, गायकवाडांकडे. ९ एप्रिलला रामाचा रथ निघायचा होता. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून तो ओढावा, असा समेट झाला होता. पण सत्याग्रहींचे हात दोराला लागण्याआधीच रथ पुढे पळवला गेला. पाठलाग झाला, दगड पडले, माणसे रक्तबंबाळ झाली. म्हणजे देऊळ तर बंदच. देव रस्त्यावर आला तरी त्याचा दोर धरायची मुभा नाही. हा सत्याग्रह मधूनमधून थांबत १९३५ पर्यंत चालला.

याच धामधुमीच्या वर्षांत नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार जलसा घेऊन उभे राहिले. जलसा हा प्रकार त्यांचा नव्हे बरं का. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या समाजाच्या मंडळींनी तमाशाच्या साच्यात आपले विचार ओतून जलसे केले होते. कर्डकांनी तो साचा उचलला आणि त्यात फेरफार केले. तमाशाचा आरंभ गणाने, म्हणजे गणपतीला आळवून. आता देऊळच बंद असताना ही आळवणी कुणी आणि कोणत्या तोंडाने करायची? तेव्हा गणात गणपतीच्या जागी बाबासाहेबांचे नाव येऊ लागले. गवळणीतला शृंगार गळला. बतावणी मात्र राहिली आणि माझ्या मते जलशाचा खरा जीव तिच्यातच. एकाने रूढीची बाजू घ्यायची, दुसऱ्याने ती खोडून काढायची. मेलेले ढोर ओढायचे का? पोराला शाळेत घालायचे की नाही? दारूत पैसा जातो त्याचे काय? सभेत हे कोणी सांगितले तर ऐकणारा मान खाली घालील. इथे तो आधी हसतो आणि मग घरी जाताना विचारात पडतो. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा यांची बाबासाहेबांनी बरोबरी केली होती, असे सांगतात.

मेळ्याला धास्ती होती सरकारची. जलशाला मात्र गावाची. ज्या गावात दिवसा काम करायचे, त्याच गावात रात्री उभे राहून हे काम आम्ही करणार नाही म्हणून गायचे! दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना तोंड द्यायचे असते. मला तरी हे धाडस काळ्यापाण्याहून कमी वाटत नाही; त्याची नोंद मात्र कोर्टाच्या दप्तरात झाली नाही, म्हणून ते आपल्याला कमी ठाऊक.

१९५६ च्या धर्मांतरानंतर गाण्याचे विषय पालटले. जलशातली बतावणी मागे पडली आणि गायनपार्ट्या पुढे आल्या. या नव्या पिढीतले सर्वांत मोठे नाव पुन्हा नाशिक जिल्ह्यातलेच: वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली त्यांचा जन्म झाला. शाळा अशी घडलीच नाही. मोठेपणी मुंबईत गिरणी-कारखान्यांच्या वस्तीत राहताना ते अक्षरे शिकले, आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला लागले. पुढे हजारो गाणी त्यांनी रचली. २००४ साली ते वारले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत नाशिकच्या रस्त्यावर त्यांची गाणी आजही ऐकू येतात.