रूबीतला 'दर' नक्की कुणाचा?

मी काळेवाडीत राहतो. इथे कुणी 'पुलापलीकडे' म्हटलं की पिंपरी समजायची. तोच शब्द पिंपरी बाजारात उभं राहून बोललात तर अर्थ होतो काळेवाडी! शब्द कुठे उच्चारला त्यावर अर्थ ठरतो. प्रोग्रामिंगमधला स्कोप म्हणजे तरी दुसरं काय?

कल्पना जुनीच आहे. १९६० च्या अल्गोलमध्ये ब्लॉक होते. आतलं नाव आतच, बाहेर त्याला ओळख नाही. १९८७ मध्ये लॅरी वॉलची पर्ल आली. तिच्यात नावाआधी चिन्ह असायचं आणि त्यावरून कळायचं की आत एक किंमत आहे की यादी. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये रूबी लोकांसमोर आणली, तेव्हा चिन्हं ठेवली पण त्यांचं काम बदललं. रूबीत चिन्ह सांगतं की नाव कुठपर्यंत चालतं. चिन्हाशिवायचं साधं नाव लोकल. @ असेल तर त्या एका ऑब्जेक्टचं. @@ म्हणजे अख्ख्या क्लासचं, आणि त्याच्या पोराबाळांचंही. $ म्हणजे सगळ्या गावाचं.

लोकलचा नियम कडक आहे. 'क्लास' किंवा 'डेफ' आलं की दार बंद, बाहेरचं लोकल नाव आत दिसत नाही. मेथडला ते हवं असेल तर पॅरामीटर म्हणून हातात द्या. ब्लॉकला मात्र दार नाही, त्याला बाहेरचं सगळं दिसतं. आणि गोची इथेच होती.

समजा, थेरगावातल्या एखाद्या वर्कशॉपचं बिल आहे. वर 'दर' ५० ठेवला. खाली १२, २०, ३५ या यादीवर 'ईच' चालवलं आणि ब्लॉकच्या पॅरामीटरलाही 'दर' हेच नाव दिलं. रूबी १.८ मध्ये ब्लॉक संपल्यावर बाहेरचा दर ३५! एरर नाही, काही नाही. गिऱ्हाइकाला चुकीचं बिल मात्र गेलं. २००४ मध्ये रेल्स आली आणि लोक धडाधड रूबी शिकू लागले, तो काळ याच १.८ चा. डिसेंबर २००७ मध्ये आलेल्या १.९ ने हे थांबवलं. पॅरामीटर ब्लॉकपुरता राहिला, बाहेरचा दर ५० चा ५० च.

@@ ला शिस्त लागायला आणखी वेळ गेला. क्लासबाहेर, मोकळ्यावर ते वापरलं तर पूर्वी नुसती वॉर्निंग मिळायची. डिसेंबर २०२० च्या ३.० पासून सरळ एरर येते.

एक मात्र ध्यानात ठेवा मंडळी. ब्लॉकच्या पोटात 'दर' ला नवी किंमत दिलीत, तर आजही बाहेरचाच दर बदलतो. तो बग नव्हे. ब्लॉकमध्ये बेरीज करून ती बाहेर वापरता येते, ती याच सोयीमुळे.