इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा : प्रीमियर पद्मिनीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि 1949 मध्ये गोरेगावच्या पूर्वेस आरे दुग्धवसाहत उभी राहू लागली. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट 1100 व पुढे प्रीमियर पद्मिनी या गाड्या आरेतून पवईकडे जाणारा चढउताराचा रस्ता अनेक दशके तुडवीत राहिल्या. परवाना-नियंत्रणाच्या काळात नव्या इंजिनाची निवड जवळपास नसल्याने हौशी चालकांना आहे त्याच इंजिनातून अधिक वेग काढावा लागे. त्या प्रयत्नांतून फेऱ्यांच्या मर्यादेविषयी कोणता बोध मिळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धातूची मर्यादा

पद्मिनीचे इंजिन 1089 घन सेंमी क्षमतेचे, चार सिलिंडरचे होते. सिलिंडरचा व्यास 68 मिमी व पिस्टनची धाव 75 मिमी होती. त्यात फेरे रोखणारे कोणतेही यंत्र नव्हते. मर्यादा घातली होती ती धातूनेच. मिनिटाला 5,000 फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 12.5 मीटर, तर 6,000 फेऱ्यांना 15 मीटर होतो. वेग 20 टक्के वाढला तरी कनेक्टिंग रॉडवरील जडत्वाचा ताण वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे 44 टक्के वाढतो. शिवाय पुशरॉडने चालणाऱ्या झडपांची स्प्रिंग अपुरी पडल्यास झडप वेळेवर बंद होत नाही व पिस्टनवर आदळू शकते.

मद्रासजवळील शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाट 1100 च्या सुधारित गाड्या शर्यतीत उतरत. अशा गाडीची मर्यादा वाढवायची तर क्रम ठरलेला असतो. प्रथम रॉड, त्यांचे बोल्ट व बेअरिंग तपासावे. क्रँकशाफ्टचा तोल साधावा. मग कडक स्प्रिंग बसवावी. तेलाचा दाब पुरेसा आहे याची खात्री करावी. आणि सर्वांत शेवटी फेरे वाढवावेत. कडक स्प्रिंगमुळे कॅमची झीज वाढते, हेही ध्यानात ठेवावे लागते. हवा-इंधनाचा प्रवाह न वाढवता केवळ फेरे वाढविल्यास शक्ती वाढत नाही, झीज मात्र वाढते.

आकडा आणि मर्यादा

2000 च्या सुमारास पेट्रोल मोटारींत इंजिन-नियंत्रक संगणक रूढ झाला. ठराविक फेऱ्यांना तो इंधन वा ठिणगी तोडतो. तेव्हापासून मर्यादा म्हणजे संगणकातील एक आकडा, असा समज पसरला. तो आकडा काही मिनिटांत बदलता येतो. रॉडची ताकद त्यामुळे तसूभरही वाढत नाही. पद्मिनीच्या काळी आधी धातू सुधारावा लागे, आज आधी आकडा बदलला जातो. धोका या उलट्या क्रमात आहे.

प्रश्न केवळ यांत्रिक नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 चे कलम 52 वाहनातील फेरफारांवर बंधन घालते, तर कलम 189 सार्वजनिक ठिकाणी शासनाच्या लेखी संमतीविना शर्यत वा वेगचाचणी करण्यास मनाई करते. आदिवासी पाडे व बिबट्यांचा वावर असलेला आरेचा रस्ता अशा चाचणीची जागा नव्हे. ती बंदिस्त धावपट्टीवर किंवा चाचणी-बाकावरच व्हावी.

निष्कर्ष

2023 च्या ऑक्टोबरअखेर नोंदणीकृत शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तिच्या साध्या इंजिनाने शिकविलेली गोष्ट मात्र जुनी झालेली नाही : मर्यादेचा आकडा बदलणे आणि मर्यादा बदलणे या दोन भिन्न बाबी होत.