स्वानुभवलेखनाचा जुना आदर्श

सोलापुरात 1880 च्या दशकात ‘जैन बोधक’ निघाले आणि मराठी जैन समाजास आपले नियतकालिक लाभले. परंतु स्वानुभव निःसंकोच लिहिण्याचा आदर्श त्याहून सुमारे अडीचशे वर्षे जुना आहे. 1641 साली आग्र्याच्या कविवर्य बनारसीदासांनी ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र पूर्ण केले. द्रव्यलोभाने केलेला वर्षभराचा मंत्रजप व्यर्थ गेला, हे त्यांनी लपविले नाही. ‘समयसार’ वाचून निश्चयाचा एकांत धरला, क्रिया सोडल्या, मित्रांसह मुनिपणाचे सोंगही आणले, हेही नोंदविले. पुढे पंडित रूपचंदांकडून ‘गोम्मटसारा’तील गुणस्थाने उमगली आणि दृष्टी स्थिर झाली. अनुभव लिहिणाऱ्या साधकाने केवळ प्राप्ती सांगू नये. चुकलेली वाटही सांगावी. मागून येणाऱ्यास तीच सावध करते.