बुद्रुक आणि बाजाररोख

नांदगाव खंडेश्वरच्या आठवडी बाजारात भावावरून जुंपली की जुनी माणसं अजून म्हणतात, “जा, एक रुका भी कमी होनार नाई!” रुका पाहिलेला कोणी नाही. सोय एवढीच, की न पाहिलेल्या नाण्यावर घासाघीस करता येत नाही.

असंच एक लहान नाणं गोव्याचं. 1510 मध्ये गोवा घेताच पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने तिथे टांकसाळ घातली. सोनं-चांदी व्यापाऱ्यांसाठी, भाजी-मासळीसाठी तांब्याचं लहान नाणं. काही नाण्यांवर पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाचं चिन्ह असलेला खगोल होता. तांब्याच्या नाण्याचं कागदोपत्री नाव ‘लियाल’, पण लोकांच्या तोंडी झालं ‘बझारुकु’. पुढे ते कथलाचं, शिशाचंही निघालं. इंग्रजांनी त्याचं ‘बजरूक’ केलं. 1672 मध्ये मुंबईत स्वतःची टांकसाळ काढल्यावर त्यांनी तांब्याच्या नाण्याला ‘कॉपरून’ आणि कथलाच्याला ‘टिनी’ म्हटलं. ही नावं काही टिकली नाहीत. कारकुनाने ठेवलेली नावं बाजारात चालत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

बझारुकुची एक व्युत्पत्ती ‘बाजार’ आणि ‘रोख’ अशी देतात. कोणी त्यात आपला रुकाही पाहतात. मला पहिली पटते. गावांच्या नावातल्या ‘बुद्रुक’शी मात्र त्याचं नातं जोडू नये. तो फारसी ‘बुजुर्ग’, म्हणजे थोरला. त्याचा धाकटा ‘खुर्द’.

परवा मिरच्या घेताना सुटे नव्हते. बाईने मोबाइलचा चौकोनी कोड पुढे केला, वर बजावलं, “उधारी नाई, रोख!”