ईयोबाचे मित्र चुकले होते

कृष्णेला महापूर आला की सांगलीत एक वाक्य हमखास कानी पडते : माणूस माजला, देवाने त्याला जागेवर आणले. मिरजेपासून साताऱ्यापर्यंत काही ख्रिस्ती घरांत याला जुन्या कराराचा आधारही दिला जातो. तो आधार टिकत नाही.

पूर्वपक्ष दुबळा नाही. ‘अनुवाद’ ग्रंथाच्या 28 व्या अध्यायात आज्ञाभंगाबद्दल रोगराई, दुष्काळ आणि पराभवाच्या शापांची मोठी यादी आहे. गर्वाचे घर खाली, हे नीतिसूत्रांनाही मान्य आहे. आपल्या वैभवाची फुशारकी मारणारा बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर बैलासारखा गवत खाऊ लागतो.

पण गर्विष्ठावर संकट येते, म्हणून ज्याच्यावर संकट आले तो गर्विष्ठच, असे ठरत नाही. जुन्या करारातल्या ‘ईयोब’ ग्रंथात ईयोबाचे मित्र नेमकी हीच चूक करतात. मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगभर गळवे उठली. राखेत बसून खापरीने अंग खाजवणाऱ्या ईयोबाला अलीफज, बिल्दद आणि सोफर सांगतात : तुझे काहीतरी पाप असणार, कबूल कर. ईयोब ऐकत नाही. तो थेट देवाकडे दाद मागतो. देव त्याला सृष्टीचा पसारा दाखवून त्याची मर्यादा दाखवून देतो, हे खरे. तरी शेवटच्या अध्यायात देवाचा कोप होतो तो मित्रांवर, कारण ते देवाविषयी यथार्थ बोलले नाहीत.

मग नम्रता कोणाकडून मागितली आहे? राजांच्या पहिल्या पुस्तकाचा 21 वा अध्याय पाहा. अहाब राजाला भाजीच्या मळ्यासाठी नाबोथाची जमीन हवी असते. वाडवडिलांचे वतन देणार नाही, असे नाबोथ तोंडावर सांगतो. खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी मारले जाते. एलीया संदेष्टा जाब विचारतो तो अहाबाला. नाबोथाला उद्धट कोणी म्हणत नाही. अहाब गोणपाट नेसून नमतो, तेव्हा त्याच्यावरचे अरिष्ट लांबणीवर पडते. नमायचे होते सत्तेने, आणि ती नमल्यावर दयाही मिळाली. कोयनेच्या जलाशयात गावे गमावून पुनर्वसनासाठी भांडणाऱ्यांना हेकेखोर ठरवणाऱ्याने ही कथा जरूर वाचावी.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर परिसरात भूकंपाने झोपेत गाडली गेलेली माणसे कोणता गर्व मिरवत होती? ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून बुडालेल्यांचा माज कोणी पाहिला होता?

हिब्रू शास्त्रातला न्याय बळवंताचा हिशेब मागतो आणि पीडिताची तक्रार ऐकून घेतो. पूरग्रस्ताच्या दारात जाणाऱ्याने त्याच्या पापाचा शोध घेऊ नये. त्याच्या घरातला गाळ उपसायला हात लावावा, आणि जाब विचारायचा तर ज्यांच्या हाती निर्णय होते त्यांना विचारावा.